दगडगोट्यांची जंगलजमीन आणि हिमनदीचा गाळ: विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपवन करणाऱ्या ग्रामसभा, वनहक्क समित्या, जंगलालगत वावर (शेत) असलेले शेतकरी आणि भूगोलाचे विद्यार्थी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पुस्तकांत दगडगोट्यांच्या जंगलजमिनीचे वर्णन बहुतेक वेळा थंड देशांतल्या हिमनदीच्या गाळावरून केलेले असते. ते जसेच्या तसे मेळघाटाला किंवा गडचिरोलीला लावले की हिशेब चुकतो. म्हणून दोन्ही जमिनी शेजारी ठेवूनच उत्तरे दिली आहेत.

किती दगड असले म्हणजे जमीन "दगडगोट्यांची" म्हणायची?

मातीशास्त्रातली सीमारेषा २ मिलिमीटरची आहे. त्याहून बारीक ती माती: वाळू, पोयटा, चिकणमाती. २ ते ७५ मिमी म्हणजे खडे, ७५ ते २५० मिमी गोटे, २५० ते ६०० मिमी दगड आणि त्यापुढे धोंडे. आकारमानाने १५ टक्क्यांपर्यंत दगड असतील तर नावात त्यांचा उल्लेखही करत नाहीत. १५ ते ३५ टक्के असतील तर जमीन खडेयुक्त, ३५ ते ६० टक्के असतील तर फार खडेयुक्त, त्याच्या वर अतिशय खडेयुक्त. ३५ टक्क्यांची रेषा सगळ्यांत महत्त्वाची, कारण त्यापुढे जमिनीचे वागणे मातीपेक्षा दगडांवर ठरू लागते.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. पावसाने बारीक माती वाहून नेली की खडे वर उघडे पडतात. वरून पाहिले तर सगळा मुरूमच दिसतो, आणि १० सेंटिमीटर खाली गेले की चांगली तांबूस पोयट्याची माती लागते. उलटही होते: वर पालापाचोळा व काळसर माती असते आणि वीतभर खाली कातळ. खड्डा खणल्याशिवाय बरड आहे की नाही हे सांगू नये.

हिमनदीचा गाळ म्हणजे काय? त्यावरची जंगलजमीन कशी असते?

हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडते, फोडते, दळते आणि जे हाती लागेल ते बरोबर नेते. बर्फ वितळला की पिठासारखी माती, वाळू, खडे आणि घराएवढे धोंडे एकाच ढिगात पडतात. या न निवडलेल्या मिश्रणाला टिल म्हणतात. नदी वजनाप्रमाणे निवड करून टाकते, बर्फ तशी निवड करत नाही. टिल ओळखण्याची पहिली खूण हीच.

टिलचे दोन प्रकार जमिनीच्या दृष्टीने फार वेगळे आहेत. बर्फाच्या तळाशी, शेकडो मीटर जाडीच्या ओझ्याखाली दाबला गेलेला गाळ इतका घट्ट असतो की सब्बल मारली तरी ढलप्या निघतात. बर्फाच्या अंगावरून वितळताना सुटलेला गाळ मात्र सैल, वाळूसर असतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडात, स्वीडन-फिनलंडमध्ये पुष्कळ ठिकाणी वर अर्धा ते पाऊण मीटर सैल थर आणि खाली हा दाबलेला थर असा मामला असतो. वसंतात बर्फ वितळले की पाणी त्या घट्ट थरावर अडते आणि उतारावर आडवे वाहू लागते. झाडांची मुळेही त्याच थरावर पसरतात, खाली जात नाहीत. म्हणून तिथे वादळात मोठी झाडे मुळांच्या चकतीसकट उलथतात. जिथे झाड उलथले तिथे खळगा आणि शेजारी उंचवटा उरतो. शेकडो वर्षांत जंगलाचा सगळा तळ असा खाचखळग्यांचा होतो.

थंडीमुळे तिथे पाला लवकर कुजत नाही, ५ ते १० सेंटिमीटरचा आंबट गालिचा साचतो. त्यातून झिरपणारे आम्ल पाणी वरच्या मातीतले लोह व अॅल्युमिनियम धुऊन खाली नेते. पाल्याखाली राखाडी थर आणि त्याच्याखाली गंजासारखा तांबडा-तपकिरी थर अशी रचना सूचिपर्णी जंगलात अगदी ठळक दिसते. सामू (आम्लता मोजण्याचा आकडा, पीएच) ४ ते ५, कधी त्याहून कमी. शेवटच्या हिमयुगातला बर्फ तिथून ओसरला त्याला १० ते २० हजार वर्षेच झाली आहेत, त्यामुळे या जमिनी वयाने कोवळ्या आहेत.

भारतात असा ताजा गाळ पाहायचा तर हिमालयातच जावे लागते: लडाख, लाहौल-स्पिती, किंवा गंगोत्रीच्या वरचा भोजबासा परिसर.

विदर्भात हिमनदीचा गाळ आहे का?

आहे, पण तो आता गाळ राहिलेला नाही, खडक झाला आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिण ध्रुवाजवळच्या गोंडवन खंडाचा हिस्सा होता आणि त्यावर बर्फाचे थर होते. त्या काळातल्या धोंड्यांच्या थराला तालचीर गटाचा थर म्हणतात. हे नाव ओडिशातल्या तालचेरवरून आले. १८५६ मध्ये तिथल्या थराचे वर्णन करताना ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी त्याचा संबंध बर्फाशी जोडला. पुढे चंद्रपूर परिसरातल्या इरई इथे याच थराखालचा पैनगंगा चुनखडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर ओरखडे उठलेले सापडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. उष्ण कटिबंधात बर्फाची खूण, म्हणून तिची चर्चा जगभर झाली. चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट शाळेतच कळायला हवी.

या थराची झीज होऊन जी माती बनते तिला मात्र "हिमनदीची माती" म्हणू नये. बर्फाने दगड आणले, पण माती इथल्या उन्हापावसाने बनवली. तिची एक खूण ध्यानात ठेवा: एकाच खड्ड्यात ग्रॅनाइट, गारगोटीचा खडक आणि चुनखडक असे वेगवेगळ्या घराण्यांचे गोटे सापडतात, आणि भोवती हिरवट झाक असलेली, काडीसारखे तुकडे पडणारी माती असते.

मग मेळघाट, यवतमाळ, गडचिरोलीच्या जंगलातले दगड कुठून आले?

बहुतेक जागच्या जागीच बनले. पश्चिम विदर्भ बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा. अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा, वाशीम आणि नागपूरचा पश्चिम भाग यात येतो. भेगांतून पाणी शिरते, कोपरे आधी झिजतात, कठीण गाभा उरतो. वरून खाली खणत गेले तर माती, मग मातीमिश्रित मुरूम, मग नुसता मुरूम, मग फुटका कातळ असे थर हळूहळू बदलत जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुना नाइस खडक आहे. त्यातली बाकीची खनिजे कुजून माती होतात आणि गारेचे (गारगोटीचे) टोकदार पांढरे खडे मागे राहतात.

टिलमध्ये दगड खालीवर कसेही विखुरलेले असतात. इथे ते खोलीबरोबर वाढत जातात. म्हणून टिलच्या जमिनीत "घट्ट थर कुठे लागतो" हे पाहायचे आणि आपल्याकडे "मुरूम कुठे सुरू होतो व तो किती फुटका आहे" हे पाहायचे. उतारावर यात फरक पडतो. टेकडीच्या माथ्यावर १०-२५ सेंटिमीटर माती, मध्यावर ३०-५०, पायथ्याशी घसरून आलेल्या गोट्यांसह मीटरभर, आणि नाल्याकाठी त्याहून जास्त, असा क्रम नेहमी आढळतो.

जंगलात गोल गुळगुळीत गोटा सापडला. तो हिमनदीचा, नदीचा की आणखी कशाचा?

आधी दगडाची जात पाहा. आजूबाजूचा खडक आणि गोटा एकाच जातीचा, काळा, आणि त्याच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तो बेसाल्टचा झिजलेला गाभा आहे. तो कुठूनही वाहून आलेला नाही. यवतमाळच्या घाटात रस्ता कापलेला असतो तिथे असे गोळे भिंतीतच बसलेले दिसतात. लोक सर्वांत जास्त यालाच फसतात.

नदीचा गोटा सगळीकडून गोल असतो. शेजारचे गोटे साधारण त्याच मापाचे आणि एकमेकांना टेकलेले असतात. हिमनदीच्या गोट्याला एक-दोन बाजू घासून सपाट झालेल्या असतात, कडा बोथट असतात आणि सपाट बाजूवर बारीक समांतर ओरखडे असतात. गोटे एकमेकांना न टेकता बारीक मातीत रुतलेले असतात. ओरखडे पाहताना गोटा धुऊन, सकाळच्या तिरप्या उन्हात हळूहळू फिरवा. नांगराच्या फाळाने किंवा जेसीबीच्या दातांनी पडलेला ओरखडा ताजा, पांढरट आणि एकटा असतो.

दगडांचे प्रमाण स्वतः कसे मोजायचे?

एक दिवसाचे काम आहे. लागते काय: गैती, सब्बल, घमेले, मोठे प्लॅस्टिक, २ मिमीची जाळी, एक लिटरचे माप, बादली आणि परात.

जागेवरचा पाला बाजूला करा, माती हलवू नका. ३० × ३० सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा आणि निघालेले सगळे प्लॅस्टिकवर टाका. एक खडाही बाहेर जाऊ देऊ नका. दगडामुळे कडा वाकड्यातिकड्या होणारच, काळजी नको. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक नीट अंथरा आणि मोजून पाणी भरा. जमिनीच्या पातळीपर्यंत जेवढे लिटर लागले ते खड्ड्याचे खरे आकारमान. समजा २६ लिटर लागले.

आता माती वाळवून ढेकळे हाताने फोडा आणि जाळीने चाळा. वर राहिलेले खडे धुऊन रात्रभर पाण्यात ठेवा. हे टाळू नका, कारण कोरडा मऊ मुरूम पाणी पितो आणि मोजणी कमी येते. बादली परातीत ठेवून काठोकाठ भरा, फडक्याने पुसलेले खडे हळूच सोडा आणि परातीत सांडलेले पाणी मोजा. ९ लिटर सांडले तर ९ भागिले २६, म्हणजे सुमारे ३५ टक्के. एका ठिकाणावरून निष्कर्ष काढू नका. माथा, उतार आणि पायथा अशा तिन्ही जागी निदान दोन-दोन खड्डे घ्या.

वजनाने मोजत असाल तर आकडा फुगतो, कारण दगड मातीपेक्षा जड. वजनाने ५० टक्के दगड असलेली जमीन आकारमानाने साधारण ३२ टक्क्यांचीच भरते (एकूण घनता १.७ व दगडाची २.६५ धरून). दोन अहवाल जुळत नसतील तर आधी हे तपासा.

अशी जमीन पाणी किती धरते?

हिशेब सोपा आहे. मध्यम पोयट्याची माती दर १० सेंटिमीटरला झाडाला मिळू शकणारे सुमारे १५ मिमी पाणी धरते. माती ४५ सेंटिमीटर खोल असेल तर ६७ मिमी. त्यात आकारमानाने ४० टक्के कठीण दगड असतील तर उरले ४० मिमी. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात झाडे-गवत मिळून दिवसाला ४-५ मिमी उडते असे धरले तर पाणी आठ-दहा दिवसांचे. मीटरभर खोल काळ्या जमिनीत हाच साठा १८०-२०० मिमीच्या घरात जातो. माथ्यावरची सालई आणि मोई लवकर निष्पर्ण होते आणि नाल्याकाठचे झाड हिरवे राहते, त्याचे कारण बव्हंशी या साठ्यात आहे.

टिलच्या थंड जंगलात अडचण वेगळी. तिथे पाणी संपण्यापेक्षा घट्ट थरावर साचण्याचा त्रास जास्त. आपल्याकडे तशी स्थिती जुलै-ऑगस्टमध्ये सपाट जागी, अखंड कातळावर येते.

मुरूम पाणी धरतो का?

कठीण काळा दगड आणि गारगोटी पाणी जवळजवळ धरत नाही. मऊ, कुजका मुरूम धरतो. दोन दिवस उन्हात वाळवलेले किलोभर खडे २४ तास पाण्यात ठेवून, पुसून वजन करा. कठीण दगडाचे वजन जेमतेम वाढते. मऊ मुरमाचे १०० ग्रॅम किंवा जास्तही वाढू शकते. ते सगळे पाणी मुळांना मिळत नाही, पण वरच्या हिशेबात मऊ मुरूम पूर्ण वजा केला तर जमिनीवर अन्याय होतो. सागाची मुळे फुटक्या मुरमाच्या भेगांत शिरलेली दिसतात ती उगाच नाही.

माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला, तरी झाडे का वाढत नाहीत?

प्रयोगशाळा २ मिमीच्या चाळणीखालची मातीच तपासते. दगड आधीच बाजूला गेलेले असतात. अहवालात हेक्टरी २५० किलो नत्र लिहिले असेल आणि जमिनीत ४० टक्के दगड असतील, तर तिथे प्रत्यक्षात १५० किलोच आहे. कर्बाचेही तसेच: १५ सेंटिमीटर खोलीत १ टक्का सेंद्रिय कर्ब आणि १.३ घनता म्हणजे हेक्टरी १९.५ टन, पण दगड वजा केल्यावर ११.७ टन. जंगलातल्या कर्बसाठ्याचे आकडे मांडणाऱ्यांनी ही वजाबाकी केली आहे का, हे जरूर विचारा. नमुन्यासोबत दगडांचे टक्के आणि मातीची खोली लिहून पाठवली तर सल्ला देणाऱ्याचे काम निम्मे सोपे होते.

रसायनाच्या बाजूने बेसाल्टवरची बारीक माती चांगली असते: चुना व मॅग्नेशियम भरपूर, सामू बहुधा ६.५ ते ८. नाइसवरची माती हलकी, किंचित आम्ल, अन्नद्रव्ये धरून ठेवण्यात कमजोर. नागपूरला १९७६ पासून असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मृदा नकाशे या बाबतीत आधाराला घ्यावेत. मात्र नकाशा जिल्ह्याच्या मापाचा असेल तर टेकडीचा माथा आणि पायथा तो वेगळा दाखवेलच असे नाही.

दगड वेचून काढले तर जमीन सुधारेल का?

सगळे वेचू नका. मातीवर सुटे पडलेले खडे पावसाच्या थेंबाचा मार झेलतात, खाली माती भुसभुशीत राहते आणि पाणी मुरते. तेच खडे चिखलाच्या पापुद्र्यात रुतून बसले असतील तर मात्र पाणी उलट जास्त वाहते. अशा जागी पापुद्रा खुरप्याने फोडून खडे वर सुटे करावेत. दगडी बांधासाठी मुठीपेक्षा मोठे गोटे घ्या, बारीक राहू द्या. थंड देशांत गोठण्या-वितळण्यामुळे दरवर्षी नवे दगड वर येतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. इथे दगड "वर आले" म्हणजे माती खाली गेली. वावरात दरवर्षी जास्त दगड दिसत असतील तर बांध पाहा.

रोपवनासाठी खड्डा किती मोठा आणि कसा भरायचा?

४५ सेंटिमीटरच्या चौकोनी खड्ड्याचे आकारमान ९१ लिटर. ४० टक्के दगड असतील तर रोपाच्या वाट्याला ५५ लिटर माती. ६० सेंटिमीटरचा खड्डा २१६ लिटरचा होतो, म्हणजे मजुरी वाढते पण मातीही दुपटीहून जास्त मिळते. ३५ टक्क्यांच्या वर दगड असतील तिथे खड्ड्यांची संख्या कमी करून माप मोठे ठेवणे आम्हाला पटते.

एप्रिल-मेमध्ये खणा. वरची १५ सेंटिमीटर काळसर माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, उताराकडे टाका. मग तळ तपासा: खड्ड्यात २० लिटर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी याच वेळी पाणी शिल्लक असेल तर तळ बंद आहे. सब्बलीने मध्यभागी आणखी ३० सेंटिमीटर भोक पाडा. भेग लागली तर पाणी उतरते. नाहीच उतरले तर ती जागा सागाला देऊ नका, कारण साचलेल्या पाण्यात सागाची मुळे गुदमरतात. तिथे रोप उंचवट्यावर लावा किंवा दुसरी जात निवडा.

भरताना आधी वरची माती, तिच्यात ५ किलो चांगले कुजलेले शेणखत. मुठीपेक्षा मोठे दगड बाहेर. माती कमी पडली तर शेजारची खरवडा, मुरूम भरू नका. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तलावातला काळा गाळ आणून खड्डा नुसत्या गाळाने भरणे. सभोवार मुरूम आणि मधे चिकण गाळ असला की पावसाळ्यात पाणी तिथेच बसते, उन्हाळ्यात गाळ आकसून भिंतीपासून सुटतो आणि मुळे उघडी पडतात. मुळेही गाळाबाहेर जायला नाखूश असतात. गाळ घालायचाच तर एक घमेले गाळाला तीन घमेली जागेवरची माती, नीट मिसळून.

लावणी पहिल्या पावसाला करू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस पडून खड्डा खालपर्यंत भिजला की करा. रोपाभोवती वरच्या बाजूने अर्धगोल आळे, आणि आळ्यात बाजूला काढलेले खडे पसरा. उन्हाळ्यात ओल टिकवायला याहून स्वस्त काही नाही.

कोणत्या जमिनीवर कोणते झाड?

माथ्यावर २५ सेंटिमीटरच्या आत माती: सालई, अंजन, खैर, धावडा. मध्य उतार, ३०-५० सेंटिमीटर आणि फुटका मुरूम: तेंदू, चारोळी, आवळा, लेंडिया, साग येतो पण उंची मारली जाते. पायथ्याला निचऱ्याची, ६० सेंटिमीटरच्या वर माती: साग, बिजा, मोह, बेहडा. जिथे पावसाळ्यात ओल रेंगाळते तिथे ऐनाचे झाड सागापेक्षा बरा तग धरते. या यादीपेक्षा जवळच्या चांगल्या जंगलात त्याच उतारावर आपोआप काय उगवले आहे ते पाहणे अधिक भरवशाचे.

वणव्याने या जमिनीचे काय होते?

खोल काळ्या जमिनीपेक्षा इथे नुकसान जास्त, कारण सगळी सुपीकता वरच्या चार बोटांत असते. पाला जळाला की त्यातल्या नत्राचा मोठा भाग हवेत जातो. राखेत चुना-पालाश उरतो, पण उतार उघडा पडलेला असल्याने जूनच्या पहिल्या जोरदार सरीत राखेसह बारीक माती नाल्यात जाते. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्यापेक्षा झाडून बाजूला करणे किंवा जाळी बांधणे हा उपाय या जमिनीसाठी फार मोलाचा आहे.

जंगलालगतच्या बरड वावरात कापूस घ्यावा का?

माती ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर कोरडवाहू कापूस बोंडे भरण्याच्या वेळी उपाशी राहतो. तीळ, मूग, कमी दिवसांची ज्वारी बरी. फुटका मुरूम असेल तर तूर मुळे खाली घालते. खत एकदम न देता थोडे-थोडे द्या, एकदम दिलेले धुऊन जाते.

टेकडीवरचा मुरूम काढून नेला तर पुन्हा जंगल येईल का?

वरची माती आधी वेगळी काढून ठेवली आणि काम संपल्यावर परत पसरली तर येते, नाहीतर दशकानुदशके गवत आणि काटेरी झुडपेच राहतात. बेसाल्टपासून बोटभर माती बनायला लागणारा काळ शतकांत मोजतात. उघडा मुरूम कितीही सुटला तरी त्यात सेंद्रिय द्रव्य नसते. दुसरे म्हणजे कायदा: विदर्भात "झुडपी जंगल" अशी नोंद असलेल्या जमिनी वनच समजाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. टेकडी ओसाड दिसते म्हणून खणायला मोकळी असे समजू नका. सातबाऱ्यावर काय नोंद आहे ते आधी तलाठ्याकडे पाहा आणि वनविभागाला लेखी विचारा. आधीच खणलेल्या जागी काम करायचे असेल तर उतार सारखा करून समतल चर काढा, चरात नाल्यातला गाळ व पाला टाका आणि पहिली तीन वर्षे फक्त गवत व धायटीसारखी झुडपे येऊ द्या. झाडे त्यानंतर लावा.